साठावी पॅरा कोरियात

जून 1950. उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली, अमेरिकी सेनापतीच्या हुकमतीत, सोळा देशांच्या फौजा लढायला उतरल्या. भारताने आक्रमणाचा निषेध केला, पण लढाऊ पलटण द्यायला नेहरू राजी नव्हते. पाठवली ती 60वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स. आघाडीच्या मागोमाग तंबू ठोकत जाणारं रुग्णालय, साडेतीनशेच्या आसपास माणसं. दिल्लीच्या हिशेबात मदतही झाली आणि लढाईत हातही अडकला नाही. आघाडीवर मात्र असले हिशेब टिकत नाहीत.

डिसेंबरात तुकडी उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयांगला होती. चिनी फौजा उत्तरेकडून लोटत होत्या, सगळीकडे माघार. गाड्या नाहीत, सामान टाका आणि निघा, असं सांगण्यात आलं. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांनी ते मानलं नाही. शस्त्रक्रियेचं सामानच गेलं, तर डॉक्टरांनी पुढे करायचं काय? शोधाशोध केल्यावर एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. जवानांनी रांग लावली, हातोहात बादल्या देत इंजिनात पाणी भरलं. चालवायला ड्रायव्हर कुठला? जवानांपैकीच ज्यांना थोडीफार माहिती होती, ते चढले. पूल उडवला जाण्याआधी गाडी पलीकडे पोचली, सामानासकट.

23 मार्च 1951, सोलच्या उत्तरेचं मुनसान. ऑपरेशन टॉमहॉक. अमेरिकेच्या 187व्या तुकडीचे तीन हजारांवर छत्रीधारी विमानांतून उतरले. त्यांच्यासोबत बारा भारतीय होते. रंगराज स्वतः त्यांत. 1941 मध्ये पहिल्यांदा छत्रीने उडी घेतलेल्या भारतीयांपैकी ते एक, तेव्हा मागे राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच. खाली कुणाचा घोटा मोडलेला, कुणाला गोळी लागलेली. शंभरावर जखमींवर उपचार झाले. रंगराजांना महावीर चक्र मिळालं. इकडे दक्षिण कोरियातल्या तेगू शहरात तुकडीचा दुसरा भाग कोरियन सैनिकांबरोबर गावकऱ्यांनाही तपासत होता.

1953 मध्ये युद्धबंदी झाली. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांवर पहारा ठेवायला भारताची आणखी फौज आली. प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी मात्र हटून सांगितलं, भारतीय सैनिकांचा पाय माझ्या भूमीवर पडता कामा नये. मग अमेरिकी हेलिकॉप्टरांनी त्यांना जहाजांवरून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. साठावी पॅरा तिथे त्यांच्या दिमतीला गेली, आणि 1954 मध्ये त्यांच्याबरोबरच परतली.