ऑस्ट्रेलियातील घरगुती पाळणाघरे आणि बदललेले नियम

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार. ऑस्ट्रेलियात आपल्या ज्या मराठी भगिनी फॅमिली डे केअर एज्युकेटर म्हणून स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळतात, त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे. एका वेळी सातच मुले, त्यांतली शाळेत न जाणारी चारच, आणि घरात सांभाळणारे दुसरे कोणी मोठे माणूस नसेल तर स्वतःची तेरा वर्षांखालची मुलेही त्या सातांतच धरायची, हे आपल्याला पाठ आहे. १ जुलै २०२३ पासून सर्टिफिकेट थ्री, म्हणजे बालसंगोपनाच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र, हातात असल्याशिवाय नव्याने काम सुरू करता येत नाही, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. हा नियम मला योग्यच वाटतो. स्वतःची मुले वाढवल्याचा अनुभव मोठा असतो, परंतु दुसऱ्याच्या मुलाला अचानक ताप चढला की त्या अनुभवाला शिक्षणाची जोड लागते.

मला आज मुख्यतः सांगायचे आहे ते झोपेविषयी आणि घरात राहणाऱ्या माणसांविषयी. आमच्या परिचयाच्या एक ताई मेलबर्नजवळ टारनीटला हे काम करतात. त्यांच्या आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी राहायला आल्या. ताईंनी त्या येण्यापूर्वीच आपल्या प्रोव्हायडरला, म्हणजे ज्या संस्थेमार्फत त्या हे काम करतात तिला, कळवले होते, कारण अठरा वर्षांवरील कोणीही व्यक्ती त्या घरात राहायला येणार असेल, तर तशी सूचना द्यावी लागते आणि ती व्यक्ती मुलांच्या सहवासात राहण्यास योग्य आहे की नाही, हे तपासले जाते. आपली आई असली, सासू असली, तरी सूचना द्यावीच लागते. काही घरांत याचा राग येतो, पण ज्यांची मुले त्या घरात दिवसभर असतात, त्या आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर राग उरत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पुढे प्रोव्हायडरच्या कोऑर्डिनेटर, म्हणजे घरी येऊन कामाची पाहणी करणाऱ्या बाई, नेहमीच्या भेटीला आल्या. बैठकीच्या कोपऱ्यात ताईंच्या धाकट्या मुलाचे जुने, वेताचे बॅसिनेट, म्हणजे तान्ह्या बाळाचा टोपलीसारखा छोटा पाळणा, होते. त्यात कोणी झोपत नसे, आईंनी आणलेल्या गोधड्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. तरीही कोऑर्डिनेटर बाईंनी ते बाहेर काढायला सांगितले. १ ऑक्टोबर २०२३ पासून असा नियम आहे की, मुले घरात असताना बॅसिनेट त्या जागेत असूच नये. लक्षात घ्या, त्यात बाळ झोपवू नये एवढेच नियम म्हणत नाही. ते रिकामे असले, गोधड्यांनी भरलेले असले, तरी मुले असण्याच्या वेळात ते तिथे नको.

आई म्हणाल्या, "बरं, मग मी लुगड्याची झोळी बांधते. आमची सगळी पोरं झोळीतच वाढली." त्यांनी खरोखरच नऊवारी आणून दाखवली. त्यावर कोऑर्डिनेटर बाईंनी त्यांना हाताला धरून बाळाच्या कठड्याच्या कॉटपाशी नेले आणि गादीवर तळवा दाबून पाहायला सांगितले. गादी टणक होती, जेमतेम दबली. मग ताईंनी आणि त्यांनी मिळून लुगड्याची दोन टोके धरली आणि आईंना मधोमध तसाच तळवा दाबायला सांगितले. कापड खाली गेले आणि दोन्ही बाजूंनी वर येऊन हाताला लपेटले. ताई मराठीत समजावत होत्या: बाळ उताणे झोपले पाहिजे, पृष्ठभाग सपाट आणि टणक हवा, तोंडावर काही येता कामा नये. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा जिवाचा श्वास अडू शकतो. आई बराच वेळ त्या कापडाकडे पाहत राहिल्या, मग घडी घालत म्हणाल्या, "हे आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही गं." आता दुपारी ताई खोलीत असताना आई कॉटजवळ खुर्ची टाकून ओव्या म्हणतात आणि मुले त्यांच्या आवाजावर झोपतात. झोळी गेली, आजी राहिली. पुन्हा सांगते: उताणे, सपाट, टणक आणि तोंड उघडे.

नियम आजीआजोबांना त्यांच्या भाषेत कोणी समजावून दिला, तर तो त्यांना जाच वाटत नाही. प्रोव्हायडर मंडळींनी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मराठीत, गुजरातीत, पंजाबीत एखादी छोटी बैठक घ्यावी, ही माझी जुनी मागणी आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासूनचे बदल थोडक्यात सांगते. मुलावर शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप अथवा घटना पुढे आली, तर प्रोव्हायडरने नियामक संस्थेला चोवीस तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. पूर्वी ही मुदत सात दिवसांची होती. चोवीस तास, सात दिवस नव्हे. म्हणून आपण आपल्या प्रोव्हायडरला तत्काळ सांगायचे, संध्याकाळची वाट पाहायची नाही. मुलांचे फोटो कोण काढते, कुठे साठवते, केव्हा नष्ट करते, पालकांची संमती आहे का आणि घरात कॅमेरे बसवलेले असतील तर त्यांचे काय, याविषयी लेखी धोरण लागते. ते धोरण मागून घ्या आणि सही करण्यापूर्वी वाचा. जिथे मुले सांभाळली जातात तिथे व्हेपिंगलाही, म्हणजे ई-सिगारेट ओढण्यालाही, आता बंदी आहे.

शेवटची बातमी पालकांना सांगण्याजोगी आहे. ५ जानेवारी २०२६ पासून, चाइल्ड केअर सबसिडीस, म्हणजे पाळणाघराच्या फीसाठीच्या सरकारी अनुदानास, पात्र असलेल्या कुटुंबांना, आईवडील किती तास काम करतात याचा विचार न करता, पंधरवड्याला ७२ तासांपर्यंत अनुदान मिळते. नोकरी शोधत असलेल्या नव्याने आलेल्या मातांना याचा मोठा आधार आहे. मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाचा अंदाज बदलला, तर तो सेंटरलिंकला, म्हणजे अशी अनुदाने पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला, वेळेवर कळवायला त्यांना आवर्जून सांगा, नाहीतर वर्षाचा हिशेब लागताना जास्तीचे मिळालेले पैसे परत करावे लागतात.