इमिरची कवटी आणि पुरुषाचं मस्तक

फोटोतली ही काळी वाळू आइसलँडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावरची, आणि मागे जे उभे खांब दिसतायत तो बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीतलाच दगड. आग आणि बर्फ शेजारी शेजारी असलेल्या या बेटावर जगाच्या सुरुवातीची जी गोष्ट जपली गेली तीही तशीच आहे. आधी नुसती पोकळी, गिन्नुंगागाप. एका अंगाला निफ्लहेमचा बर्फ, दुसऱ्या अंगाला मुस्पेलची आग, बर्फ वितळून थेंब ठिबकले आणि त्यातून इमिर नावाचा राक्षस तयार झाला. सोबत औधुम्ला नावाची गाय. ती खारट बर्फ चाटत राहिली, पहिल्या दिवशी संध्याकाळी बर्फातून केस दिसले, दुसऱ्या दिवशी डोकं, तिसऱ्या दिवशी अख्खा माणूस बाहेर, तो बुरी. त्याचा नातू ओडिन, तिथल्या देवांचा प्रमुख. ओडिन आणि त्याच्या दोन भावांनी इमिरला मारलं आणि मांसाची जमीन केली, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, मेंदूचे ढग, आणि कवटीचं आभाळ.

आता हे भूर्जपत्र बघा. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची पोथी, काश्मीरकडची शारदा लिपी. त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, देव पुरुषाचा, म्हणजे आदिपुरुषाचा, यज्ञ करतात आणि "चंद्रमा मनसो जातश्चक्षोः सूर्यो अजायत", मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, मस्तकापासून द्युलोक, पायांपासून भूमी. चार वर्णही याच सूक्तात येतात, त्याचे चटके किती पिढ्यांनी सोसले ते सगळ्यांना माहीतच आहे.

कोणी कोणाचं उचललं असं नाही, दोन्हींचं मूळ एकाच जुन्या इंडो-युरोपियन (संस्कृत आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांच्या समान पूर्वजांच्या) कथेत असावं असं बरेच अभ्यासक मानतात.

पण मला खरं कौतुक आहे ते सांभाळणाऱ्यांचं! इमिरच्या देहापासून जग झाल्याची गोष्ट ज्या कवितांमध्ये येते त्यांची तेराव्या शतकातली वासराच्या कातड्यावरची पोथी १६४३ मध्ये एका बिशपच्या हाती लागली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली, आणि २१ एप्रिल १९७१ ला डॅनिश युद्धनौकेतून परत आली तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर ही अशी तोबा गर्दी. आपल्याकडे तर लिहिण्याच्याही आधीपासून पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा ठराविक पद्धतींनी म्हणत शब्द न् शब्द तोंडपाठ ठेवला गेला. भांडारकरच्या ३० ऋग्वेद पोथ्यांची युनेस्कोनं २००७ मध्ये दखल घेतली, आता आज जे घनपाठी म्हणतायत त्यांचंही नीट, पूर्ण रेकॉर्डिंग व्हायला हवं, आणि ते सगळ्यांना ऐकायला मिळायला हवं.