भीमेतला मळ्या नवा कसा ठरतो?

उजनीच्या खाली, भीमेच्या खडकाळ पात्रात जाळं झाडलं की चिलापीच्या ढिगात कधी मळ्या निघतो. बोटभर लांबीचा, हनुवटीखालच्या चकतीनं दगडाला धरून राहणारा. 1839 साली इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल साईक्सनं दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा इथल्या बोलीतली बरीच नावं शास्त्रीय नावांत घेतली. 'गारा मुल्ल्या' हा आपलाच मळ्या.

आता समजा, हातातला मळ्या वेगळा दिसतोय, नवी जातच असावी असं वाटतंय. तोंडाच्या पुढच्या टोकावर पांढरे, टणक फोड आहेत. पण असे फोड वयानुसार आणि विणीच्या दिवसांत बदलतात. एकाच माशावर विसंबलं, की फसगत ठरलेली. त्याच डोहातले लहान-मोठे, नर-मादी मिळून दहा-बारा तरी हवेत.

खरी कसोटी पहिल्या अर्ध्या तासाची. लवंगतेलाच्या पाण्यात मासा शांत झाला की लगेच फोटो काढायचा, कारण मासा टिकवायच्या द्रावणात, फॉर्मालिनमध्ये, रंग टिकत नाहीत. मग उजव्या बाजूच्या पराचा तुकडा कापून थेट कडक अल्कोहोलमध्ये. उजव्याच बाजूचा, कारण मापं डाव्या बाजूची घेतात. हा तुकडा विसरून मासा फॉर्मालिनमध्ये गेला, तर डीएनए तुटतो आणि पुढची तुलना अवघड होऊन बसते.

त्यानंतर पर पसरून, टाचणीनं अडकवून, मासा फॉर्मालिनमध्ये: बाजारातल्या फॉर्मालिनचा 1 भाग, पाणी 9 भाग. पर मिटलेले राहिले तर ते तसेच ताठरतात, काटे मोजता येत नाहीत. काही दिवसांनी पाण्यात धुऊन 70 टक्के अल्कोहोल.

पुढचं काम तुलनेसाठी मोजणीचं, आणि संयमाचं. सूक्ष्मदर्शकाखाली मासा तिरका धरायचा आणि कल्ल्यामागून शेपटीच्या मुळापर्यंत बाजूच्या रेषेवरचे खवले सुईच्या टोकानं एकेक मोजायचे. पडलेल्या खवल्याची खाचही मोजायची. दोनदा मोजून आकडा जुळला, तरच वहीत.

वर्णन छापताना एक मासा आदर्श नमुना, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार, म्हणून नोंदवून संग्रहालयात ठेवावाच लागतो. साईक्सच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत, म्हणून त्या नावांवर अजून खल चालतो. नमुना हाताशी असता तर शेजारी ठेवून बघता आलं असतं.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनं लिहिलेली: नदी, गाव, तारीख. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. आणि सोलापूरच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात झाकण जरा सैल राहिलं, तरी अल्कोहोल उडून मासा उघडा पडतो. महिन्यातून एकदा पातळी बघायचीच.