आक्काचा उंबरा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातलं एक गाव. गावाचं नाव सांगणार नाही, बाईचा चेहराही दाखवणार नाही. आत देव्हारा, देव्हाऱ्यापाशी भंडाऱ्यानं पिवळी झालेली परडी, आणि परडीला टेकवून ठेवलेलं दप्तर. बाहेरून शेजारीण हाक मारते, "आक्का, नळाला पाणी आलंय गं." आक्का घागर उचलते.

घर तिच्या आईचं. आईनं तिला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलं, देवदासी केलं. सोडलेल्या मुलीला मुलासारखा वारसा मिळायचा, तसं घर तिच्याकडं आलं. याच घरात ती धंदा करते. धंदा हा शब्द इथल्या बायकांचाच, म्हणून आम्हीही तोच वापरतो.

वेश्यावस्ती म्हटलं की आपल्याला गल्ली, जिने, खिडक्या आठवतात. बेळगाव-बागलकोटकडच्या खेड्यांत तसलं काही दिसत नाही. कर्नाटकात धंदा करणाऱ्या 1,588 बायकांशी बोलून केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 414 जणी देवदासी प्रथेतून आलेल्या. त्यांच्यात शंभरातल्या जवळपास 69 जणी घरातूनच धंदा करत होत्या; बाकीच्यांत शंभरात 15.

तू कुठं बसतेस, हा संशोधकांचा प्रश्न साधा वाटतो. पण सगळं त्यावरच ठरतं. लॉजवर खोलीचे पैसे आधी जातात, मग मधल्या माणसाचे. निपाणी-संकेश्वरच्या हायवेवर, अंधारात थांबलेल्या गाडीत, ओरडलं तरी ऐकायला कोण असतं? आक्काच्या घराला शेजार आहे. नको असलेल्या गिऱ्हाइकाला ती उंबऱ्यावरूनच परत पाठवू शकते.

म्हणून या घराचं कौतुक करायचं का? नाही. त्याच अभ्यासात देवदासींचं धंद्यात येण्याचं सरासरी वय 15.7 वर्षं आहे, इतर बायकांचं 21.8. हे पोरींचं वय आहे. देवाचं नाव घेतलं म्हणून ते माफ होत नाही. मुली देवाला सोडण्यावर कर्नाटकानं 1982 सालीच कायद्यानं बंदी आणली.

बेळगाव जिल्ह्यातल्याच घटप्रभा गावात माजी देवदासींची संघटना ही प्रथा बंद पाडण्यासाठी गावोगाव फिरते. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या, धंदा करणाऱ्या बायका म्हणतात, आम्हाला सोडवू नका, आमचे हक्क द्या. मला दोघींचंही पटतं. एक लहान मुलीबद्दल बोलते आहे, दुसरी मोठ्या बाईबद्दल.

कायद्याला मात्र घर आणि अड्डा यांतला फरक कळत नाही. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार दोन बहिणी एका घरात एकमेकींच्या फायद्यासाठी धंदा करत असतील, तर ते घर कुंटणखाना ठरतं. आणि धंद्याच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा, अठरा वर्षं ओलांडलेला कुणीही गुन्हेगार ठरतो. आई केवळ धंद्यात आहे म्हणून तिचं मूल तिच्यापासून तोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली बजावलं. कमाईचं हे कलम अजून तसंच आहे.

आक्का घागर भरून आत येते. त्या 414 जणींत शंभरातल्या 93 निरक्षर होत्या. आक्कालाही अक्षर येत नाही. दप्तर तिच्या मुलाचं. यंदा तो बारावीला आहे. कॉलेजची फी आक्का भरते, वह्या आक्का आणते, दोन वेळचं जेवणही तिच्याच हातचं.

येत्या जूनमध्ये त्याला अठरा पूर्ण होतील.