लेखनाची डिग्री: घ्यायची का आणि कुठे

पोरांनो, क्रिएटिव्ह रायटिंगचं, म्हणजे कथा-कविता लिहायला शिकवणारं, एमए नाहीतर एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) करू का, असं विचारणारी मुलं आता धुळे-जळगावातही भेटतात, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण घरी विषय काढला की आई विचारते, "ती डिग्री लिसनी काय करशी?" तिचं विचारणं बरोबर आहे, तिला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

आधी तिथं शिकवतात काय ते समजून घ्या. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली रायटर्स वर्कशॉप सुरू झालं आणि पुढे कितीतरी विद्यापीठांनी तीच पद्धत उचलली. दहा-बारा जणांचा वर्ग, एकाची कथा आधीच सगळ्यांना वाटायची, सगळ्यांनी वाचून खुणा करून यायचं, मग तिच्यावर चर्चा, आणि ज्याने लिहिलीय त्याने तोवर गप्प बसून ऐकायचं. दोन-तीन वर्षं हेच, आणि शेवटी थिसिस म्हणून कथासंग्रह, कादंबरी किंवा कवितांचं हस्तलिखित द्यायचं. म्हणजे मिळतं काय, तर लिहायला वेळ आणि बारकाईने वाचणारी माणसं.

इथं हमखास कोणीतरी बहिणाबाईंचं नाव काढतं, की त्यांना कुठं लिहिता-वाचता येत होतं. खरंय, पण पुढचंही सांगा ना. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी उतरवून ठेवली, अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली, बहिणाबाई गेल्यावर, पुस्तक निघालं. टिपून घेणारं माणूस घरातच होतं म्हणून ती गाणी आपल्यापर्यंत आली, ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते अशा किती बायांचं गाणं जात्यापाशीच राहून गेलं असेल, हा विचार मला सोडत नाही. अन् आपल्या धुळ्यात पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ पासून 'कवितारती' चालवलं, फक्त कवितेला वाहिलेलं, म्हणजे जाणकार वाचक मिळवायला परदेशीच जावं लागतं असं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच, कॉलेज निवडायच्या आधी भाषा निवडा. परदेशातल्या बहुतेक कोर्सेसना लेखनाचं सॅम्पल इंग्रजीत लागतं, कथेची वीस-तीस पानं किंवा दहाएक कविता, आणि प्रवेश मुख्यतः त्यावरच ठरतो, जीआरई ही प्रवेश परीक्षा आता बऱ्याच ठिकाणी मागतही नाहीत. जो मराठीत, अहिराणीत किंवा तावडी बोलीत लिहितो त्याचं वाक्य कुठं अडखळलं हे त्या वर्गातलं कोण सांगणार? जो मुळातच इंग्रजीत लिहितो त्याने मात्र बिनधास्त प्रयत्न करावा. तिसरी एक वाट आहे, मला ती फार मोलाची वाटते, आयोवातच साहित्याच्या अनुवादाचंही एमएफए आहे, आणि अहिराणीतून थेट इंग्रजीत नेणारी माणसं आपल्याला खरंच हवी आहेत. तिथलंच इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम, ज्याला कवी दिलीप चित्रे गेले होते, ते वेगळं, ती डिग्री नाही, आधीच लिहून पुढे आलेल्या लेखकांना तिथं काही काळासाठी बोलावतात.

आता पैसे. अमेरिकेत काही एमएफए असे आहेत की फी माफ करतात आणि वर स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्यापुरते पैसे, देतात, बदल्यात बऱ्याचदा खालच्या वर्गांना शिकवावं लागतं. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर, पण जायचं तर अशाच ठिकाणी जा. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचं एमए १९७० पासूनचं, नोबेल मिळालेले कादंबरीकार इशिगुरो तिथलेच, पण ते एका वर्षाचं आणि परदेशी मुलांना फी जबर, स्कॉलरशिप मिळाली नाही तर विचार सोडा. साडेसात लाखांच्या वर एज्युकेशन लोन गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, शेतजमीन बऱ्याच बँका धरत नाहीत, मग राहतं घर अडकतं, आणि या डिग्रीच्या जोरावर तो हप्ता फिटेल अशी नोकरी लागेलच असं मी कुणाच्याही आईला सांगू शकत नाही. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर मराठी किंवा इंग्रजीचं रीतसर एमए आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा हाच रस्ता धरा, नेटमध्ये क्रिएटिव्ह रायटिंग असा वेगळा विषयच नाही.

देशातही पर्याय आहेत. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा क्रिएटिव्ह रायटिंगचा डिप्लोमा घरी बसून होतो, पटकथा लिहायची असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, एफटीआयआय. मराठीत लिहिणाऱ्याने इथल्याच विद्यापीठात एमए करावं आणि सोबत चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा बसून एकमेकांचं लिखाण त्या वर्कशॉपसारखं वाचावं, कौतुकापुरतं नाही, ओळ न ओळ धरून.

आणि ज्यांचं इंग्रजीत लिहून बाहेर जायचं पक्कं आहे त्यांनी लक्षात ठेवा, बरेचसे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि प्रत्येक अर्जाची फी डॉलरमध्ये असते, म्हणून पाच-सहाच ठिकाणं निवडा, शिफारसपत्रासाठी सरांना आत्ताच सांगून ठेवा, आणि ती वीस पानं दिवाळीच्या आत कुणा खडूस वाचकाच्या हातात द्या.