डोंगरावरचा कडू कुडा

नमस्कार मंडळी. आज कुड्याबद्दल बोलूया. कोकणातल्या लोकांना हे झाड वेगळं दाखवायला नको, पण मे महिन्यात घाटात गाडी थांबवून फोटो काढणाऱ्या शहरातल्या लोकांनीसुद्धा ते पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. डोंगरउतारावर फार उंच न झालेलं झाड, फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे झुबके, वास एकदम छान, आणि पान तोडलं की लगेच पांढरा चीक. पावसाळा सुरू झाला तरी फुलं चालूच असतात. मेघदूतातला यक्ष आषाढात ढगाचं स्वागत करतो ते याच फुलांनी, कुटज म्हणजे आपला कुडाच, आणि तो यक्ष जिथं राहत होता तो रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक असं मानतात.

आता एक बघा, जिथं शेळ्यामेंढ्यांनी सगळा पाला साफ केलाय अशा बोडक्या माळावरही कुडा हिरवागार उभा असतो, कारण तो कडूजहर आहे, गुरं त्याला तोंडच लावत नाहीत. आणि झाडाला वाचवणारा हा कडूपणाच आपल्या पोटाच्या कामी आलाय. आव पडली, रक्ती आव झाली की कुड्याचं पाळ म्हणजे मुळाची साल सहाणेवर ताकात उगाळून द्यायची, हे घरोघरी चालायचं. बियांना इंद्रजव म्हणतात, त्याही औषधाच्याच. मेडिकलमध्ये कुटजारिष्ट आणि कुटजघन वटी मिळते ती याच झाडाची. सालीत आणि बियांत कोनेसीन नावाचं द्रव्य असतं, ते आव करणाऱ्या अमिबावर चालतं, एके काळी डॉक्टर लोकही ते वापरायचे, पण त्यानं काही पेशंटची झोप उडायची, बेचैनी वाढायची, मग दुसरी औषधं आली आणि ते मागं पडलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, झाडाचं आहे म्हणजे कितीही घ्या असं अजिबात नाही, वैद्यांना विचारूनच घ्या, आणि लहान मुलाला जुलाब होत असतील तर आधी ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरकडे न्या, साल उगाळत बसू नका.

दुसरं म्हणजे झाड नीट ओळखा. औषधाचा तो पांढरा कुडा. त्याच्यासारखाच दिसणारा काळा कुडा असतो, आणि साल वाळली की भल्याभल्यांना फरक कळत नाही, बाजारात भेसळ होते ती इथंच. फूल हातात घेऊन मध्यभागी बघा, काळ्या कुड्याच्या फुलात बारीक झालर असते, पांढऱ्याच्या फुलात ती नसते. शेंगा दोघांच्याही जोडीनं लोंबतात, पण पांढऱ्या कुड्याच्या सुट्या असतात आणि काळ्याच्या कोवळ्या असताना टोकाशी चिकटलेल्या. पांढऱ्याचं बी कडू, काळ्याचं तसं नाही. काळा कुडाही बिनकामाचा नाही हं, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्याच्याच लाकडाची होतात, पण आवेवर तो चालायचा नाही. आणि विषारी कण्हेर याच कुळातली आहे, तेव्हा चीक आणि जोडशेंगा दिसल्या की कुडाच असं धरून चालू नका.

मला खरी काळजी वाटते ती साल काढण्याची. खोडाभोवती गोल फिरवून साल सोलली की पानांत तयार झालेलं अन्न मुळापर्यंत पोचतच नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. खरं तर कुडा तोडला तरी बुंध्यातून पुन्हा जोमानं फुटतो, म्हणजे एखादी फांदी तोडून तिची साल काढली तर झाडही राहतं आणि औषधही मिळतं, एवढं सोपं असताना आख्खं झाड मारायची गरजच काय. साल विकत घेणाऱ्यांनी हे गोळा करणाऱ्यांना सांगायला हवं, आणि नीट काढलेल्या सालीला दोन पैसे जास्त द्यायला हवेत, नुसतं सांगून कोण ऐकणार.

बरं, भाजीचं राहिलंच की! फुलांचे वाटे घेऊन आदिवासी बायका बाजारात बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या. फुलं उकळून पाणी पिळून टाकायचं म्हणजे कडूपणा उतरतो, मग कांदा, भिजवलेली चणाडाळ, वरून ओलं खोबरं, भाकरीबरोबर फार छान लागते. पावसात कोवळ्या शेंगांचीही भाजी होते, तीही अशीच उकडून पिळून. थोडा कडूपणा राहतोच, तो राहू द्या.

आणि ज्यांच्याकडे जरा जागा आहे त्यांनी कुडा लावा. थंडी संपता संपता शेंगा वाळायला लागतात, तडकायच्या आधी काढा, एकदा तडकल्या की बियांना केसांचा झुपका असतो तो वाऱ्यावर उडून जातो आणि हाताला काही लागत नाही. बी सावलीत वाळवून ठेवा आणि पावसाच्या सुरुवातीला माती भरलेल्या रोपाच्या पिशवीत पेरा.