लिवादिया: दोन झऱ्यांचं गाव

(बसच्या खिडकीतून दिसणारा रस्ता. डांबराच्या दोन्ही कडांना पांढरे पुंजके अडकलेले. जवळून: तो कापूस आहे.)

अथेन्सहून डेल्फीला जाणारी बस साधारण दोन तासांनी एका गावात थांबते. चार-पाच माणसं उतरतात, हातात बाजाराच्या पिशव्या घेऊन. सगळी इथलीच. बाकीचे प्रवासी खिडकीला डोकं टेकवून झोपलेले असतात, कारण त्यांना डेल्फी गाठायचंय. जगप्रसिद्ध देवस्थान, अपोलोचं मंदिर, फोटोंमध्ये पाहिलेले ते खांब. ते सगळं इथून तासभर पुढे आहे.

आपण इथेच उतरतोय. गावाचं नाव लिवादिया. जुनं नाव लेबादिया. विओतिया जिल्ह्याचं हे ठिकाण. वीसेक हजार वस्ती, समुद्र दिसत नाही, बेट नाही, निळे-पांढरे घुमट नाहीत. ग्रीस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे जवळपास काहीच नाही. डोंगराच्या कुशीत चढत गेलेली घरं, कोर्ट, शाळा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकानं आणि गावाच्या मधून खळाळत जाणारी एक नदी.

(बाजारपेठ. कोळशावर काड्या फिरवणारे हात.)

आधी पोटपूजा, कारण वास फार लांबून येतोय. लिवादियाची माणसं आपल्या सुवलाकीबद्दल फार अभिमानी आहेत. बारीक काडीला ओवलेले डुकराच्या मांसाचे लहान लहान तुकडे, मीठ, वाळवलेली ओरेगानो, वर लिंबू. सोबत निखाऱ्यावर शेकलेला पाव. इथे एक-दोन काड्या कुणी मागत नाही. कागदावर ढीग येतो आणि मंडळी उभ्या उभ्या गप्पा मारत तो संपवतात. भाजणारा माणूस काड्यांच्या टोकांवरून नुसता तळहात फिरवतो आणि दहा-बारा काड्या एकदम कूस बदलतात. त्याच्याकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

ईस्टरला हाच विस्तव रस्त्यावर येतो. गल्लीगल्लीत खड्डे खणतात, त्यात द्राक्षवेलीच्या काटक्या रचतात आणि पुनरुत्थानाच्या रात्री चर्चमधून आणलेल्या ज्योतीनं त्या पेटवतात. सकाळी निखारे पडले की अख्खी कोकरं सळईवर चढतात. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून खाऊ घालायचं, ही इथली रीत.

(पाण्याचा आवाज. चिनारांच्या सावलीत दगडी कमानीचा पूल.)

गावाच्या वरच्या अंगाला, दोन कड्यांच्या मध्ये, ही जागा आहे: क्रिया. मराठी कानाला ओळखीचा शब्द. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘थंड’. खडकाच्या पोटातून पाणी येतं आणि तिथेच नदी होते. तिचं नाव एर्किना. उन्हाळ्यातही ती आटत नाही. पाण्यात हात घालून पाहिला. दहा आकडे मोजेपर्यंत बोटं बधिर झाली.

या नदीच्या जन्माची गोष्ट जुन्या ग्रीकांनी सांगून ठेवलीय. एर्किना नावाची मुलगी पर्सेफोनीबरोबर, म्हणजे डेमेटर देवीच्या लेकीबरोबर, इथे खेळत होती. तिच्या हातातलं हंस सुटलं आणि गुहेत शिरून एका दगडाखाली लपलं. पर्सेफोनी आत गेली, तिनं दगड उचलला आणि त्या जागेतून पाणी उसळलं. काठावर पूर्वी एर्किनाचं देऊळ होतं, आणि त्यात हातात हंस घेतलेल्या मुलीची मूर्ती.

(खडकात कोरलेले कोनाडे. एक चौकोनी खोली, आत दगडी बाक.)

या कोनाड्यांमध्ये कधीकाळी नवसाच्या वस्तू ठेवल्या जात. कारण जुन्या जगात लोक लिवादियाला आवर्जून येत, तेही भीत भीत. इथे ट्रोफोनियसचा कौल मिळायचा.

ट्रोफोनियस आणि अगामिडीस हे दोघे भाऊ, नावाजलेले गवंडी. डेल्फीचं जुनं मंदिर त्यांनीच बांधलं असं मानत. एका राजाचा खजिना बांधताना त्यांनी एक दगड असा बसवला की तो बाहेरून काढता यावा. रोज थोडं थोडं धन चोरत राहिले. राजानं सापळा लावला, त्यात अगामिडीस अडकला. तो ओळखला जाऊ नये म्हणून ट्रोफोनियसनं सख्ख्या भावाचं डोकं कापून नेलं. मग इथे, लिवादियात, धरणी दुभंगली आणि तिनं ट्रोफोनियसला गिळलं. भावाला मारणारा हा माणूस पुढे जमिनीखालून माणसांना कौल देऊ लागला. या देवाकडे जाताना लोकांची छाती का धडधडायची, ते या कथेतच आहे.

कौल मागणारी माणसंही साधीसुधी नव्हती. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की लिडियाच्या क्रीसस राजानं आपले दूत ज्या ज्या ठिकाणी पाठवले त्यात ट्रोफोनियस होता, आणि पुढे इराणी सेनापती मार्डोनियसनंही इथे माणूस धाडला होता.

पण खरा तपशील देतो तो पॉसानियास. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा प्रवासी ग्रीसभर फिरला आणि पाहिलेलं लिहीत गेला. इथल्या विवरात तो स्वतः उतरला होता. त्यानं दिलेली मापं हात आणि वितीत आहेत, त्यामुळे आपल्याला ती चटकन समजतात.

कौल मागणाऱ्यानं आधी काही दिवस इथे मुक्काम करायचा. गरम पाणी वर्ज्य, अंघोळ याच एर्किनात. एकामागून एक देवांना बळी द्यायचे, पुजारी त्यांची आतडी पाहून शकुन सांगणार. शेवटच्या रात्री एका खड्ड्यावर अगामिडीसच्या नावानं मेंढा कापायचा. त्याचा शकुन अनुकूल निघाला तरच पुढे जायचं. मग तेरा वर्षांच्या आसपासची दोन मुलं त्याला नदीवर नेत, अंगाला तेल लावत, न्हाऊ घालत.

आणि मग पुजारी त्याला शेजारी शेजारी असलेल्या दोन झऱ्यांकडे घेऊन जात. पहिला लीथी, विस्मृतीचा. हे पाणी प्यायचं, म्हणजे आजवर मनात साठलेलं सगळं पुसलं जावं. दुसरा म्नेमोसिनी, स्मृतीचा. हे प्यायचं, म्हणजे आता खाली जे दिसेल ते लक्षात राहावं.

क्रम पाहा. आधी विसरायचं, मग लक्षात ठेवायचं.

(अंधार. फक्त पाण्याचा आवाज.)

डोंगरावर छोट्या खळ्याएवढा संगमरवरी गोल चौथरा होता. त्याच्या मध्ये भट्टीच्या आकाराचं बांधीव विवर, चार हात रुंद, आठ हात खोल. पायऱ्या नाहीत. एक हलकी शिडी लावायची, उतरायचं, शिडी वर जायची. तळाशी, भिंत आणि जमीन यांच्या मध्ये एक फट: दोन वीत रुंद, एक वीत उंच. माणूस पाठीवर आडवा व्हायचा. हातात मधात मळलेल्या सातूच्या वड्या. आधी पाय त्या फटीत घालायचे, मग गुडघे. आणि पॉसानियास म्हणतो, मोठ्या वेगवान नदीच्या भोवऱ्यानं ओढावं तसं बाकीचं अंग आत खेचलं जायचं.

आत कुणाला काही दिसायचं, कुणाला ऐकू यायचं. बाहेर यायचं त्याच फटीतून, पुन्हा पाय पुढे करून.

वर आल्यावर पुजारी त्याला स्मृतीच्या आसनावर बसवत आणि विचारत: काय पाहिलंस, काय ऐकलंस? तो भीतीनं इतका गारठलेला असायचा की स्वतःची, आजूबाजूच्यांची शुद्ध नसायची. मग त्याला त्याच्या माणसांच्या हवाली करत. हळूहळू भान यायचं, आणि पॉसानियास आवर्जून नोंदवतो, हसूही परत यायचं. शेवटी एक काम उरायचं, आणि त्यातून कुणाला सूट नव्हती. पाहिलेलं, ऐकलेलं सारं पाटीवर लिहून इथे ठेवून जायचं.

ते विवर नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन झऱ्यांपैकी लीथी कुठला आणि म्नेमोसिनी कुठला, तेही बोट ठेवून सांगता येत नाही. पाणी मात्र आजही अनेक तोंडांनी बाहेर पडतं आणि दहा पावलांत एक होतं.

(किल्ल्याची चढण. वरून गाव.)

क्रियाच्या वर किल्ला आहे. १३११ मध्ये कॅटलान, म्हणजे स्पेनकडच्या भाडोत्री सैनिकांनी इथे राज्य करणाऱ्या फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या सरदारांचा धुव्वा उडवला आणि अथेन्ससकट हा सगळा मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. आजचं बरंचसं बांधकाम त्यांच्या काळाशी जोडतात. पुढे तुर्कांच्या अमदानीत लिवादिया इतकं भरभराटीला आलं की आसपासच्या अख्ख्या मुलखाला लोक लिवादियाच म्हणत. १८२१ मध्ये तुर्कांविरुद्ध ग्रीकांचा उठाव झाला तेव्हा त्यातला एक पुढारी अथानासिओस दियाकोस याच्या माणसांनी एप्रिलच्या सुरुवातीलाच हे गाव घेतलं. त्याच महिन्यात तो पकडला गेला आणि तुर्कांनी त्याला सुळावर दिलं. त्याचं नाव इथे फार आदरानं घेतात.

जवळच्याच एका टेकडीवर झ्यूसच्या मंदिराचे भलेमोठे दगड पडलेत. हे मंदिर कधी पुरं झालंच नाही. पॉसानियास आला तेव्हाही अर्धवटच होतं.

(पूर्वेकडे सपाट मैदान. कापूस वेचणारी यंत्रं.)

इथून पूर्वेला पाहा. हे जे क्षितिजापर्यंत सपाट दिसतंय ना, तो तलाव होता. कोपाइस. इथल्या ईल माशांवर जुने अथेन्सकर जीव टाकायचे. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात त्या माशांचं कौतुक आहे. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी शेजारच्या ऑर्कोमेनोसच्या लोकांनी बांध आणि कालवे काढून हा तलाव कोरडा केला होता. ती व्यवस्था मोडली, पाणी परत आलं. पुन्हा तो उपसला गेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. आधी एका फ्रेंच कंपनीनं काम केलं, मग एका इंग्रज कंपनीनं. जमीन उघडी पडली आणि ती कसणारा शेतकरी इंग्रज कंपनीचा कूळ झाला. ग्रीक सरकारनं ही मालमत्ता ताब्यात घेतली ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला.

आता इथे कापूस पिकतो. रस्त्याच्या कडेला अडकलेले ते पुंजके इथून भरून जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले. यवतमाळ-अकोल्याच्या रस्त्यावर हंगामात हेच दिसतं. ही नुसती सारखेपणाची गोष्ट नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि युरोपातल्या गिरण्या जगभर कापूस शोधू लागल्या. ग्रीसमध्ये लागवड वाढली, वऱ्हाड-खानदेशात तर भावाचा भडका उडाला. आणि मुंबई-वऱ्हाडच्या कापूस बाजारात ज्यांचं नाव पिढ्यान् पिढ्या घेतलं गेलं, ते राली ब्रदर्स, मुळात खिओस बेटावरचं ग्रीक घराणं.

लिवादियात एर्किनाच्या पाण्यावर पिठाच्या चक्क्या फिरायच्या, मग त्याच पाण्यावर कापसाचे कारखाने चालले. त्या दगडी इमारती अजून नदीकाठी उभ्या आहेत. काहींत आता खाणावळी आहेत.

(संध्याकाळ. कोर्टाचा रस्ता. कॉफीचे कप.)

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कॉफी पिता पिता विचारलं, “डेल्फीला नाही गेलात?” म्हटलं, नाही, इथेच आलो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर मग दिस्तोमोला जाऊन या.”

दिस्तोमो हे डोंगरापलीकडचं लहान गाव, मोटारीनं अर्ध्या तासावर. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस जर्मनांच्या ताब्यात असताना, १० जून १९४४ रोजी, एसएस या नाझी दलाच्या तुकडीनं तिथे घरोघरी शिरून २१८ माणसं मारली. बायका, म्हातारे, तान्ही मुलं. परिसरात बंडखोरांशी चकमक झाली होती, त्याचा सूड गावावर काढला.

पन्नासहून जास्त वर्षं उलटल्यावर मेलेल्यांचे नातेवाईक दाद मागायला आले ते लिवादियाच्या कोर्टात. याच गावात. १९९७ मध्ये या जिल्ह्याच्या कोर्टानं निकाल दिला: जर्मनीनं भरपाई द्यावी. जर्मनी म्हणत राहिली की परक्या देशाच्या कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही. २००० मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयानं लिवादियाचा निकाल कायम केला. पण परक्या राष्ट्राच्या मालमत्तेवर जप्ती आणायला न्यायमंत्र्यांची संमती लागते, ती मिळाली नाही. मग नातेवाईक निकाल घेऊन इटलीच्या कोर्टात गेले. २०१२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जर्मनीची बाजू उचलून धरली.

पैसे मिळाले नाहीत. पण तालुक्याच्या कोर्टासारख्या दिसणाऱ्या एका साध्या इमारतीत, एका गावानं आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं ते नोंदवून ठेवलं, आणि ती नोंद आज जगभरच्या कायद्याच्या वर्गांत वाचली जाते.

(दिस्तोमो. टेकडीवरचं स्मारक. वारा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दिस्तोमोला गेलो. स्मारक गावाबाहेर टेकडीवर आहे. संगमरवरावर नावं कोरलीत. एकच आडनाव चार-चार, पाच-पाच वेळा येतं. नावांपुढे वयं आहेत.

इथे आम्ही बोलणार नाही. कॅमेरा सावकाश सरकेल. नावं वाचून घ्या.